अडीनडीचा पत्ता

आमच्या गावात घराची किल्ली हरवली तर माणूस बाजारातल्या किल्लीवाल्याकडे जातो, आणि पासवर्ड हरवला तर चावीबाईंकडे. किल्लीवाला निदान अंधार पडल्यावर पेटी आवरून घरी जातो. चावीबाईंना आवरायला पेटी नाही आणि घरी वाट बघणारं कुणी नाही.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. बाहेरून लोखंडी जिना. जिना चढताना खालून रबराच्या सोल्यूशनचा वास येतो आणि वर पोचलं की गरम झालेल्या मशीनचा. त्या खोलीत बाई मुलांना कॉम्प्युटरची तोंडओळख करून देतात. मशीन भिंतीला पाठ लावून बसलेली आणि प्रत्येकावर कापडाचं आच्छादन. समोरच्या शिंप्यानं उरल्यासुरल्या कापडाची ती शिवून दिली, म्हणून एक फुलाफुलांचं, एक रेघारेघांचं, एक कुणाच्या तरी शर्टाच्या बाहीचं. वर्ग सुटला की बाई एकेकाला पांघरूण घालतात आणि मगच दिवा मालवतात.

त्यांची स्वतःची खुर्ची दाराकडे तोंड करून असते. खुर्ची चांगली रुंद आहे, पण बाई तिच्या उजव्या कडेला बसतात. डावीकडची अर्धी जागा मोकळी. कुणी विचारलं तर म्हणतात, "सवय आहे."

मी शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस, पण माझ्या हस्ताक्षराला गावात तोड नाही. तरी छापणारे लोक हल्ली हस्ताक्षर घेत नाहीत, टाइप करून आणा म्हणतात. म्हणून डोक्यावरचे केस पांढरे झाल्यावर मी पोरांच्या रांगेत जाऊन बसलो. त्या खोलीत जे पाहिलं आणि बाईंनी मागाहून जेवढं सांगितलं, तेवढंच लिहितो.

पहिल्या दिवशी बाई मशीन चालूच करत नाहीत. नुसत्या टेबलावर बोटं ठेवायला लावतात आणि म्हणतात, "आधी हात शांत करा. घाबरलेल्या हाताचं हे मशीन ऐकत नाही." मग एकदाचा माउस हातात येतो. नवखं पोर तो उचलून हवेत फिरवतं आणि पडद्यावरचा बाण का हलत नाही म्हणून रडकुंडीला येतं. एका पोरीनं तर तो उचलून थेट काचेलाच लावला होता. सगळे हसले, बाई हसल्या नाहीत. पोरीचा हात धरून त्यांनी तो टेबलावर आणला. "त्याला जमिनीवर चालू दे. उडायला लावू नकोस."

सेव्ह करणं त्या असं शिकवतात: "तू लिहिलंस ते तुला दिसतंय. मशीनला मात्र ते अजून आठवणीत ठेवायचं आहे असं कुणी सांगितलेलं नाही. वीज गेली की ते कोरं. म्हणून सांगायचं, हे जपून ठेव." आणि बंद करायचं शिकवताना म्हणतात, "मान मुरगाळल्यासारखं बटण दाबायचं नाही. आधी विचारायचं, निघू का? ते हो म्हणालं की निघायचं."

असं ऐकताना मला वाटे, ही बाई मशीनबद्दल बोलत नाही. पण पोरं लिहून घेत.

सगळ्यांत मोठा दिवस मेल काढायचा. ज्याला पत्ता मिळाला तो जिना उतरताना वेगळाच चालतो. पत्ता काढताना मशीन नाव विचारतं, जन्मतारीख विचारतं, पासवर्ड ठरवायला लावतं आणि शेवटी एक रकाना पुढे करतं: तुमचा आणखी एखादा पत्ता द्या, पासवर्ड विसरलात तर तिथे कोड पाठवू. आता ज्याला पहिलाच पत्ता अजून मिळायचा आहे, त्यानं दुसरा आणायचा कुठून? पहिल्या तुकडीत एका पोरानं घराचा पत्ता टाकला, गल्लीसकट. मशीननं तो नाकारला. तेव्हा बाई सहज म्हणाल्या, "माझा टाक."

तेव्हापासून तो पायंडाच पडला. त्या रकान्याला वर्गात नावही मिळालं, अडीनडीचा पत्ता. किती तुकड्या आल्या आणि गेल्या. पोरं मोठी झाली, कुणी दुकानात लागलं, कुणी कारखान्यात, कुणी समुद्रापार गेलं. पत्ते मात्र तेच राहिले आणि प्रत्येकाच्या पत्त्यामागे बाईंचा पत्ता. घर बदललं की माणूस पडदे बदलतो, भांडी बदलतो. हा रकाना बदलायचं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

त्यामुळे असं होतं, की कुणी परमुलखात नवा फोन घेतला की बाईंना आधी कळतं, आईला मागाहून. बाईंच्या पेटीत मेल येऊन पडतो: या खात्यात नव्या उपकरणावरून कुणीतरी प्रवेश केला आहे, ते तुम्हीच होता का? बाई एकट्या असल्या तर पडद्याला उत्तर देतात. मी जिन्यात उभा असताना एकदा ऐकलं. "मी नव्हते रे. पण नवा घेतलास ना? छान झालं."

आणि कुणी पासवर्ड विसरलं की कोड येतो. मग खिडकीतला काळा टेलिफोन वाजतो. आता कुणाकडे तो राहिला नाही. खालचा सायकलवाला बाईंना चिडवतो, "अहो बाई, ते डबडं काढा आता. त्यात कबुतरं घरटं करतील."

"करू देत. पण नंबर तोच राहील," बाई म्हणतात.

जुन्या पोरांना तोच नंबर पाठ आहे. ती फोन करतात आणि म्हणतात, "बाई, कोड आलाय का?" बाई सांगतात. पोरं म्हणतात, "लागला, लागला, थँक्यू," आणि ठेवतात. तुम्ही कशा आहात, गुडघा काय म्हणतो, हे विचारायचं राहून जातं. वाईट नसतात बिचारी. त्या कोडला मुदत असते, कपातला चहा निवेपर्यंतची, आणि घाईच्या बोलण्यात ख्यालीखुशालीला जागा सापडत नाही. कामाचं बोलून सगळे निघून जातात आणि खोलीत पुन्हा पंख्यांची घरघर तेवढी उरते.

आता बारक्याची गोष्ट.

बारक्या बाईंचा धाकटा भाऊ. आई आणि पाठोपाठ वडील गेले तेव्हा त्याला स्वतःच्या चपलेचा बंद लावता येत नव्हता, आणि बाई नुकत्या टायपिंग शिकून बाहेर पडल्या होत्या. त्यांनी त्याला वाढवलं. लग्नाचं विचारायला आलेल्या माणसांना त्या आधी बारक्याबद्दल सांगायच्या, आणि माणसं चहा पिऊन जायची. पुढे वर्ग सुरू झाला, तेव्हा बारक्या पहिल्या तुकडीत होता. त्यानंही पत्ता काढला आणि शेवटच्या रकान्यात बहिणीचा पत्ता टाकला. त्याला वेगळं सांगावंच लागलं नाही.

पोरगा मिशा फुटल्यावर गप्प झाला. जेवताना ताटात बघायचा. उशिरापर्यंत भटकायचा. कुठे होतास विचारलं तर "इथेच" म्हणायचा. बाई दिवा न मालवता वाट बघत बसायच्या. वाईट संगतीत पडला की काय, कुणी फसवतंय की काय. एक दिवस तो बाहेर असताना त्या आपल्या मशीनसमोर बसल्या. त्याचा पत्ता घातला, पासवर्ड विसरलो या ओळीवर बाण नेला आणि दाबलं. कोड कुठे येणार? त्यांच्याच पेटीत आला. तो घातला. मशीननं नवा पासवर्ड मागितला, तोही दिला. दार उघडलं.

आत संगत नव्हती आणि फसवणूकही नव्हती. लांबच्या शहरातल्या एका कंपनीचं पत्र होतं, की तुमची निवड झाली आहे, आणि त्याखाली बारक्याचं उत्तर, की मी येतो.

पण एक गोष्ट बाई विसरल्या, आणि ती त्यांनीच शेकडो पोरांना शिकवलेली होती. असं दार उघडलं की जुनी चावी बाद होते. संध्याकाळी बारक्या मशीनवर बसला. पासवर्ड घातला, चुकीचा. पुन्हा घातला, चुकीचा. मग त्यानं खुर्ची वळवली.

"ताई, माझा पासवर्ड तू बदललास?"

बाईंना खोटं बोलता येत नाही. "हो."

"वाचलंस?"

"हो."

"मी आज जेवताना सांगणार होतो."

"मग सांगायचंस ना आधी! मला वाटलं, तू कुठल्या तरी..."

"तुला वाटलं," बारक्या म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं, चढवला असता तर बरं झालं असतं. "वर्गात काय सांगतेस तू? दुसऱ्याच्या पेटीत हात घालायचा नाही. पोरांना सांगतेस आणि माझ्या बाबतीत तुला वाटलं. मला बहीण आहे असं मी समजत होतो, पहारेकरीण नव्हे."

बाईंनी ठेवलेला पासवर्ड त्यानं विचारून घेतला, आणि बाईंकडे पाठ करून स्वतःचा नवा ठेवला. सकाळी पहिल्या गाडीनं गेला. नंतर त्याचा फोन लागेना. सुरुवातीला बाईंनी त्याला मेल लिहिले. उत्तर आलं नाही तेव्हा लिहिणंही थांबवलं, कारण त्या म्हणतात, बंद दार किती वाजवायचं त्याला काही रीत असते.

फक्त मधूनच कधीतरी, एखादा पावसाळा उलटून गेल्यावर, त्यांच्या पेटीत मेल पडे: बारक्याच्या खात्यात नव्या उपकरणावरून प्रवेश. म्हणजे तो आहे. म्हणजे त्यानं फोन बदलला. एवढीच खबर. आणि त्या मेलच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असे, की तुमचा पत्ता या खात्यासाठी मदतीचा पत्ता म्हणून दिलेला असल्यानं हे तुम्हाला कळवत आहोत. ती बारीक ओळ बाई पुन्हा पुन्हा वाचत. ज्यानं बहिणीशी बोलणं टाकलं, त्यानं तो रकाना का रिकामा केला नाही? विसरला असेल. सगळेच विसरतात. नसेल विसरला, तर? हा प्रश्न घेऊन बाई इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसल्या.

बारक्या गेला त्या दिवसापासून त्यांनी दोन नियम केले. पहिला, कोड आपल्या हातानं कुठे घालायचा नाही, कितीही ओळखीचं पोर असो. तो फोनवर सांगायचा, दोन दोन आकडे, आणि ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचे. दुसरा, सांगण्याआधी खात्री करायची. आवाजावर भरवसा नाही, म्हणून त्या विचारतात, "तू कोणत्या मशीनवर बसायचास?"

हे फक्त त्या वर्गातल्या माणसालाच सांगता येतं. कारण प्रत्येक मशीनला खोड आहे. एकाचा पंखा गुरगुरतो, तो गुरगुऱ्या. एकाची स्पेसची पट्टी दाबली की वर येत नाही, तो चिकट्या, माझ्या नशिबी तोच आला. खिडकीपाशी बसवलेल्याच्या काचेवर दुपारी ऊन येतं आणि काही दिसत नाही, तो आंधळा. समुद्रापारहून फोन करणारा मोठा साहेब झाला असला तरी त्याला सांगावं लागतं, "बाई, मी चिकट्यावर होतो," आणि ते म्हणताना तो थोडा हसतो.

आता त्या दुपारी काय झालं ते सांगतो.

मेल काढायचा दिवस होता. बाईंनी आपला पडदा आमच्याकडे वळवून ठेवला होता. शिंप्याची मुलगी आंधळ्यावर बसली होती, काचेवर हाताची सावली धरून वाचत होती. भारी बडबडी पोर. "बाई, हा शेवटचा रकाना. अडीनडीचा. यात तुमचाच ना?"

"माझाच."

"माझ्या आतेबहिणीनं पण तुमचाच टाकलाय. आमच्या घरातल्या सगळ्यांच्या चाव्या तुमच्याकडे. तुम्ही मनात आणलं तर आम्हाला लुटाल."

"तुमच्या पेटीत आहे काय लुटायला? तुझी तर अजून उघडायची आहे."

पोरं हसत होती तेवढ्यात पडद्यावर नवा मेल उतरला. वर्गात पद्धतच होती, ज्याला आधी दिसेल त्यानं ओरडायचं. शिंप्याची मुलगी ओरडली, "चावी आली!" आणि लगेच वाचू लागली, "बारक्या, मग टिंब, मग..."

बाईंनी पडदा स्वतःकडे वळवला.

मी गावातला, मला नाव माहीत होतं. पोरांना नव्हतं. बाई उभ्या होत्या त्या बसल्या, उजव्या कडेलाच, आणि त्यांनी खिडकीतल्या काळ्या टेलिफोनकडे बघितलं. कोड आला म्हणजे कुणीतरी त्या खात्याच्या दाराशी उभं होतं. बारक्या असेल तर कोडसाठी त्याला फोन करावा लागणार. आणि त्याला करायचा नसेल, तर ते खातं, त्यातलं सगळं, त्यानं सोडून द्यायचं.

"चला, पासवर्ड ठरवा," बाई आम्हाला म्हणाल्या. "स्वतःचं नाव नको, जन्मसाल नको."

आम्ही पासवर्ड ठरवत बसलो. कुणाचं लक्ष नव्हतं. टेलिफोन गप्प होता. कपातला चहा निवला, त्यावर साय धरली, आणि कोडची मुदत संपली.

बाई उठून चिकट्यापाशी आल्या, माझी स्पेसची पट्टी नखानं वर काढून दिली. त्यांचं बोट थंड होतं.

पुन्हा मेल आला. या वेळी ओरडायला पडदा दिसत नव्हता, पण आवाज झाला. म्हणजे दाराशी जो कुणी होता तो गेला नव्हता. त्यानं पुन्हा कोड मागवला होता, आणि फोन मात्र करत नव्हता.

शिंप्याच्या मुलीला राहवेना. ती उठून बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. "बाई, हा माणूस फोन का करत नाही? नंबर हरवला असेल का?"

"नंबर त्याला पाठ आहे."

"मग चोर असेल."

"असेल."

"मग तुम्हीच उघडून बघा ना! कोड तर तुमच्यासमोर आहे. टाकला की झालं. आत बघितलं की कळेल कोण आहे, कुठे आहे, त्याचा नंबरसुद्धा मिळेल. तुम्हीच फोन करा मग."

खोटं काय होतं त्यात? बाईंना भावाचं शहर माहीत नव्हतं, घर माहीत नव्हतं, त्याला बायको आहे की नाही, पोरं आहेत की नाहीत, काही माहीत नव्हतं. आणि तो कोड समोर होता. सहा आकडे. बाईंचा हात माउसवर होता. मी तो हात बघत होतो. पहिल्या दिवशी त्या आम्हाला शिकवतात तसा तो त्यांनी टेबलावर शांत ठेवला होता, आणि शांत ठेवायला त्यांना किती कष्ट पडत होते ते मनगटाच्या शिरांवर दिसत होतं.

"माझ्याकडे आलंय," बाई म्हणाल्या, "पण माझं नाही ते. जा, जागेवर बस."

टेलिफोन वाजला.

बाई इतक्या झपकन उठल्या की खुर्ची मागे सरकली. "हॅलो!"

पलीकडून येणारा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला, कारण शिंपी फोनवरही रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तसा बोलतो. "बाई, आमची निघाली का हो? तिला म्हणावं येताना काळ्या दोऱ्याचं..."

"ठेवा! ठेवा तुम्ही आधी!" बाई ओरडल्या. मी त्यांना ओरडताना तेव्हाच ऐकलं, आधी नाही आणि नंतर नाही. "मुलगी येईल तुमची. फोन ठेवा, लाइन अडते!"

शिंप्याची मुलगी तोंडावर हात दाबून हसत सुटली. बाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि नीट बसला आहे ना म्हणून बोटानं दाबून बघितला. दुसऱ्या कोडचीही मुदत संपली.

मग खोलीत काहीच झालं नाही. खाली सायकलवाला चाकाची तार छेडून बघत होता, टिंग, टिंग. आंधळ्यावरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं. बाईंनी फळ्यावर काहीतरी लिहायला खडू घेतला आणि तो हातात धरूनच उभ्या राहिल्या. मला वाटलं, गेला असेल तो. दारावर हात ठेवून परतणारी माणसं मी पाहिली आहेत, मी स्वतःही त्यातलाच आहे.

तिसरा कोड आला, आणि त्याच्या पाठोपाठ टेलिफोन.

या वेळी बाई सावकाश चालत गेल्या. "बोला."

पलीकडे गाड्यांचे आवाज.

"बोला. वर्ग आहे इथे."

मग एका पुरुषाचा आवाज, जाडसर, आम्हाला अस्पष्ट ऐकू येणारा. "कोड आलाय का?"

बाईंनी डोळे मिटले. ओळखला असणार त्यांनी. चपलेचे बंद त्यांनी लावले होते, त्या आवाजाला ताप आलेला त्यांनी ऐकला होता. तरी त्या म्हणाल्या, "कोणत्या मशीनवर बसायचास?"

हा काय प्रश्न, असं वाटलं असेल त्याला. तो गेल्यानंतर, त्याच्यामुळेच तो नियम झाला होता, त्याला कुठून माहीत असणार?

"विचारावं लागतं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना विचारते. तुलाही."

"मला मशीन कुठे होतं," आवाज म्हणाला. "पहिल्या तुकडीला मशीन पुरत नव्हती. फी भरणाऱ्यांना दिलीस सगळी. मी तुझ्या खुर्चीवर बसायचो, डावीकडच्या अर्ध्यावर." थोडं थांबून, "आणि तू मला माउस देत नव्हतीस."

"तू तो हवेत उडवायचास," बाई म्हणाल्या.

आम्ही सगळ्यांनी त्या खुर्चीकडे बघितलं.

बाईंनी टेलिफोनची तार ताणून मशीनपर्यंत आणली. "घे. सेहेचाळीस."

"सेहेचाळीस."

"शून्य नऊ."

"शून्य नऊ."

"एक्याऐंशी."

"एक्याऐंशी."

पुस्तकातली कविता म्हणावी तसे ते दोघं आकडे म्हणत होते. मुदत असलेलं बोलणं, पण बाईंनी घाई केली नाही आणि त्यानंही केली नाही.

"लागला का?"

"लागला." मग, "नवा पासवर्ड मागतोय."

"मग दे. मला सांगू नकोस."

"नाही सांगत." पलीकडे एक गाडी भोंगा वाजवत गेली. "जेवलीस?"

"वर्ग चालू आहे."

"अजून तो फोन तसाच आहे?"

"आहे."

"बरं. ठेवतो, ताई."

"ठेव."

एवढंच झालं. बाईंनी त्याचा नंबर विचारला नाही, शहर विचारलं नाही. मला तर जागेवरून उठून ओरडावंसं वाटलं, अहो, विचारा ना! पण त्यांनी रिसीव्हर ठेवला, पदरानं चष्मा पुसला, आणि पडद्याकडे न बघता फळ्याकडे वळल्या. हातातला खडू घामानं ओला झाला होता, उमटेना. दुसरा घेतला.

"लिहून घ्या," त्या आमच्याकडे पाठ करून म्हणाल्या. "नवा पासवर्ड दिला की मशीन एक पान दाखवतं. विचारतं, तुमचा मदतीचा पत्ता हाच आहे, हाच ठेवायचा का? खाली दोन बटणं असतात. एक हो, एक बदला. नीट वाचून दाबायचं. ज्याचा पत्ता नको असेल तो काढायचा, त्यात लाजायचं काही नाही. खातं तुमचं आहे."

"आणि ज्याचा काढला त्याला कळतं का?" शिंप्याच्या मुलीनं विचारलं.

"कळतं. काढलेल्या पत्त्यावर एक शेवटचा मेल येतो, की यापुढे तुम्हाला काही कळवणार नाही."

"लगेच येतो?"

"लगेच येतो."

आम्ही लिहून घेतलं. कुणीही जागचं हललं नाही. बाईंनी उरलेला धडा घेतला, मेलला फोटो कसा जोडायचा तो. मधेमधे मशीनचा आवाज झाला की सगळा वर्ग मान वळवायचा, आणि तो कुठल्या तरी जाहिरातीचा निघायचा. वेळ संपल्यावर पोरं जिना उतरली, खाली सायकलवाल्यानं विचारलं, "आज काय रे, एवढे गप्प?"

मी मागे राहिलो, आच्छादनं घालायला हात लावतो म्हणून. बाई म्हणाल्या, "असू द्या. माझं काम आहे ते." मी निघालो तेव्हा त्या पडद्यासमोर बसल्या होत्या, पेटी उघडी, हात टेबलावर.

यालाही आता बराच काळ झाला. टेलिफोन पुन्हा त्या माणसासाठी वाजला नाही, निदान वर्गाच्या वेळात तरी नाही. मी टाइप करायला शिकलो, चिकट्याशी माझं जमलं. शिंप्याची मुलगी पुढच्या वर्गात गेली, पण येता जाता जिना चढून येते आणि बाईंचं डोकं खाते. परवा ती आली तेव्हा बाई वर्गाआधी पेटी चाळत होत्या, वरून खाली, अगदी तळापर्यंत.

"काय शोधता हो रोज?" तिनं विचारलं. "हरवलंय का काही?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. "एक मेल आलेला नाही. तो आज पण नाही ना आला, तेवढं बघते."

आणि त्यांनी पेटी बंद केली, गुरगुऱ्यावरचं फुलाफुलांचं कापड काढून घडी घातली आणि त्याला चालू केलं.